मन हलकं व्हावं म्हणून फोटो काढताय? मग या चुका टाळा

बाबा गेल्यावर तीन महिने मला रडूच आलं नव्हतं. मग एका सकाळी खुंटीवर तसाच राहिलेला त्यांचा स्वेटर दिसला, त्यावर खिडकीतलं ऊन पडलेलं, मी मोबाईलवर फोटो काढला आणि तिथेच खाली बसून रडले. तेव्हापासून रोज फोटो काढते. या काळात मी स्वतः केलेल्या चुका सांगते, म्हणजे तुमचा त्रास थोडा वाचेल.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे काढला की लगेच स्टेटसला टाकणं. एकदा लाईक मोजायला लागलो की दुसऱ्या दिवसापासून आपण लोकांना आवडेल तेच बघतो, आपलं दुखणं बाजूलाच राहतं. वेगळा अल्बम करा आणि निदान पहिला महिना तो कुणालाच दाखवू नका.

दुसरी, फक्त छान छान काढणं. आपल्या घरातले अल्बम आठवा, लग्न, बारसं, मुंज, सगळे हसतायत, आजारपण कुठेच नाही. ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्सला हेच खटकायचं. 1982 मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं आणि तिने स्वतःचं शरीर, स्वतःची भीती यांचेच फोटो काढले, पुढे रोझी मार्टिनसोबत फोटोथेरपीवर, म्हणजे फोटोंच्या मदतीने मनातलं दुखणं बाहेर काढण्यावर, काम केलं, त्यात ती चक्क आपल्या आईसारखे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहायची. म्हणून हललेला, अंधारा, पसाऱ्याचा फोटो लगेच डिलीट करू नका, आठवडाभर राहू दे.

धडाधड पन्नास फोटो काढून घरी आलात आणि मन रिकामंच, असं होतं का? माझं व्हायचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा 2014 चा म्युझियममधला अभ्यास यावर फार बोलका आहे: ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या, पण झूम करून एखाद्याच भागाचा काढला तेव्हा आठवण तशी कमी झाली नाही. मी आता आधी मोबाईल खिशातच ठेवते, दहा श्वास नुसतं बघते, मग जवळ जाऊन एकच काढते. अख्खा स्वेटर नाही, त्याचं उसवलेलं बटण.

फोटो काढून सोडून देणं हीपण चूकच. खाली दोन ओळी लिहा, आपल्या बोलीत, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात: मी इथेच का थांबले, आणि फ्रेमच्या बाहेर काय ठेवलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा जास्त खरं निघतं.

आता हे नीट वाचा. रात्री एकटं बसून हॉस्पिटलमधले शेवटचे फोटो स्क्रोल करू नका. छातीत धडधड, घाम, झोप उडणं असं व्हायला लागलं तर फोन बंद करा, कुणाशी तरी बोला, जुने फोटो दिवसाउजेडी आणि सोबत कुणी असतानाच बघा. आपण आपलं करतो ते मनाला आधार म्हणून, फोटोथेरपी मात्र शिकलेल्या थेरपिस्टसोबत होते आणि या दोन्हीत फरक आहे, त्यामुळे जगणंच नको वाटत असेल तर फोटोंवर भागवू नका, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

शेवटची चूक, सगळं मोबाईलमध्येच ठेवणं. महिन्याचे प्रिंट काढा, सतरंजीवर मांडा, हलवून बघा. मी चाळीस मांडले तेव्हा कळलं की एकातही माणूस नाही, नुसत्या वस्तू आणि रिकाम्या खुर्च्या. मग आईला विचारून तिचा काढला, भाकरी थापताना, फक्त हात. तिने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बांगड्या परत घालू का गं?"