कन्सिस्ट, कम्प्राइझ, मेड ऑफ, मेड फ्रॉम: कुठं काय लावायचं

'सांगली जिल्हा 10 तालुक्यांचा बनलेला आहे' हे इंग्लिशमध्ये करायला दिलं की निम्मी पोरं 'सांगली डिस्ट्रिक्ट इज कन्सिस्टेड ऑफ टेन तालुकाज' लिहून मोकळी होतात. आपण मराठीत 'बनलेला आहे' म्हणतो ना, मग त्या 'आहे'साठी कुठंतरी 'इज' घुसवायलाच पाहिजे असं वाटतं, पण कन्सिस्टला तो चालतच नाही. नुसतं 'कन्सिस्ट्स ऑफ', विषय संपला. 'इज कन्सिस्टिंग ऑफ' पण नाही. 'इज' घालायची फारच हौस असेल तर क्रियापदच बदला, 'इज मेड अप ऑफ' नाहीतर 'इज कम्पोज्ड ऑफ', दोन्ही बरोबर.

कम्प्राइझचा अर्थ तोच, फक्त मागं 'ऑफ' लावायचं नाही: 'सांगली डिस्ट्रिक्ट कम्प्राइझेस टेन तालुकाज'. 'इज कम्प्राइज्ड ऑफ' पेपरात सर्रास दिसतं, डिक्शनऱ्यांमध्येपण सापडतं, पण तपासणारा कडक निघाला तर मार्क जाणार, मग कशाला रिस्क घ्या.

आता उलटी गाडी. भाग आधी आणि अख्खी वस्तू नंतर असेल तर मेक अप किंवा कॉन्स्टिट्यूट, म्हणजे 'इलेव्हन तालुकाज मेक अप सातारा डिस्ट्रिक्ट'. वाक्य लिहायच्या आधी पहिला कोण येतोय, जिल्हा का तालुके, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका जातात.

इन्क्लूड लोक कुठंही लावतात. वाई, कराड, फलटण एवढीच नावं घेतली तर इन्क्लूड, अकराच्या अकरा घेतली तर कन्सिस्ट. आणि इन्क्लूड लावल्यावर शेवटी 'एटसेट्रा' कशाला, यादी अर्धी आहे हे त्यातच आलं की. कंटेन म्हणजे आत असणं, 'मिल्क कंटेन्स कॅल्शियम', बास.

खरी गंमत मेड ऑफ आणि मेड फ्रॉममध्ये आहे. मिरजेची सतार बघितली की भोपळा आणि लाकूड डोळ्याला दिसतं, मूळ वस्तू तशीच आहे, म्हणून 'मेड ऑफ वुड अँड गोर्ड'. गुळाची ढेप बघून ऊस दिसतो का? रस काढला, काहिलीत आटवला, रूपच बदललं, म्हणून 'मेड फ्रॉम शुगरकेन ज्यूस'. बेदाणे पण 'मेड फ्रॉम ग्रेप्स'. मराठीत 'लाकडाची सतार' पण 'उसापासून गूळ' म्हणतो, तर चा-ची-चे आलं की ऑफ आणि पासून आलं की फ्रॉम, बऱ्याचदा जमून जातं (कायम नाही हां, 'खव्याचे पेढे'ला हा नियम लावू नका). पदार्थात काय काय घातलंय ते सांगायचं असेल तर विथ, म्हणजे वेलदोडा घातलेले पेढे 'मेड विथ कार्डमम'. आणि एका कामाची वस्तू दुसऱ्या कामाला लावली की 'मेड आउट ऑफ', आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ही 'मेड आउट ऑफ ओल्ड सारीज'.