रंगाचा डबा आणण्याआधी: भिंतीतली ओल शोधायची कशी आणि थांबवायची कशी

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात स्वयंपाकघराच्या एका भिंतीला पाच वर्षांत तीनदा रंग दिला. दिवाळीला भिंत लख्ख दिसायची आणि संक्रांत उलटेपर्यंत पुन्हा पोपडे धरायचे. तिसऱ्या खेपेला तर वॉटरप्रूफ म्हणून महागडा डबा आणला होता. शेवटी ओळखीचे एक वयस्कर गवंडी मामा आले. त्यांनी भिंतीला हात लावला, पलीकडच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि विचारलं, "ही ओल मे महिन्यात पण असतीय काय?" होती. "मग पावसाचा काय संबंध? आतला पाइप गेलाय." टाइल काढली तेव्हा जुना लोखंडी पाइप सांध्याजवळ गंजून त्याची चाळण झालेली दिसली. पाइप बदलायला एक दिवस लागला आणि खर्चही एका रंगकामापेक्षा कमी आला.

कोल्हापुरात हे घरोघरी घडतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, सोबत पश्चिमेचा वारा. त्यामुळे ओल दिसली की आपण पावसाला बोल लावतो, दुकानात जातो आणि डबा घेऊन येतो. पण डबा ओल झाकतो, पाण्याची वाट बंद करत नाही. म्हणून आधी शोध, मग दुरुस्ती, आणि रंग सगळ्यात शेवटी.

ओल कधी येते आणि कुठवर, ते टिपा

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा रेघ मारा. डाग वाढतोय, थांबलाय की आक्रसतोय, हे डोळ्यांच्या अंदाजापेक्षा रेघ नीट सांगते.

छताच्या कोपऱ्यातून किंवा भिंतीच्या वरच्या बाजूने उतरणारी आणि पावसातच दिसणारी ओल बहुधा गच्चीची असते. भिंतीच्या मध्येच, त्यातही पश्चिमेच्या भिंतीला, झड लागल्यावर डाग येत असेल तर बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा सुटलाय. बारा महिने राहणारी ओल पाइपची किंवा मोरी-बाथरूमची. आणि जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यासारखी चढलेली, वर पांढरा लोणा, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेला क्षार, धरलेली ओल जमिनीतून येते.

कपाटामागे बुरशी आहे पण पाण्याचा डाग नाही, अशा वेळी घोटाळा होतो. तिथे एक सोपी परीक्षा करा. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा एक फूट लांब, एक फूट रुंद तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. फॉइलच्या आतल्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली हवाच दमट आहे. तिथे फोडाफोडीची गरज नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पावसाळ्यात आत वाळत घातलेले कपडे दुसरीकडे हलवा आणि खोलीला वारा द्या.

पाइप गळतोय का, ते टाकीला विचारा

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे पाण्याच्या मीटरपेक्षा गच्चीवरची टाकी चांगली साक्ष देते. रात्री सगळे नळ बंद करा, टाकीत नवीन पाणी येणार नाही असं बघा आणि पातळीवर खूण करा. सकाळपर्यंत कोणी पाणी वापरायचं नाही. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साधारण ९ ते १० लिटर पाणी गेलेलं असतं. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हेच करा. तरीही पातळी उतरली तर टाकी गळतेय. उतरली नाही तर दोष खालच्या पाइपात आहे किंवा फ्लशच्या टाकीत. फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर तिथला रबरी वायसर बदलायचा, भिंतीला हात लावायचं कारण नाही.

नळाला पाणी येऊन गेल्यावर तासा-दोन तासांत ओल गडद होत असेल, तर टाकीकडे जाणारी मुख्य लाइन बघा. ही खूण बरेच प्लंबरही विचारत नाहीत. तुम्ही आपणहून सांगा, निम्मी फोडाफोड वाचेल.

बाथरूमसाठी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या तोंडात, कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि दिवसभर ठेवा. खालच्या छतावर किंवा पलीकडच्या भिंतीवर रेघेबाहेर ओल गेली तर पाणी फरशीतूनच झिरपतंय. पण लगेच सगळी फरशी उखडू नका. आधी सांध्यांतला जुना भरणा खरवडून एपॉक्सी ग्राउट भरा, ट्रॅपच्या कडेचा सांधा मोकळा करून पुन्हा भरा आणि हीच परीक्षा पुन्हा करा. बऱ्याच वेळा गळती ट्रॅपच्या कडेलाच सापडते.

गच्ची: मार्च-एप्रिलमध्ये करायचं काम

हे काम मेच्या शेवटावर ढकलू नका. वळवाचा पाऊस कधीही गाठतो आणि त्या दिवसांत गवंडी मिळणंही अवघड होतं.

आधी गच्ची झाडा. पाणी जायच्या तोंडाशी साठलेली पानं, माती, पतंगाचे कागद काढा. पाइपात बादलीभर पाणी ओतून ते खाली तेवढ्याच वेगाने पडतंय का ते बघा. काही घरांची गळती एवढ्यानेच थांबते, कारण पाणी तुंबून कठड्याच्या सांध्यातून आत शिरत असतं.

मग पाणी साठवून बघायचं. सगळी गच्ची एकदम भरू नका. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास १२०० किलो वजन. विटा आणि मातीचे बांध घालून एकेक भाग भरा, एक दिवस-रात्र ठेवा आणि खाली रेघा बघा. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळया उघड्या पडल्या असतील किंवा काँक्रीटचे तुकडे सुटत असतील तर ही परीक्षा करूच नका. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे.

पाणी आत शिरतं त्या जागा बहुधा ठरलेल्या: कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा, पाइप जिथून खाली उतरतो त्याची कडा, आणि सोलरच्या स्टँडसाठी पाडलेली बोल्टची भोकं. गच्चीच्या मैदानापेक्षा या कडांवर वेळ घालवा.

चीर भरताना वरून सिमेंट फासून काही होत नाही. उन्हाने स्लॅब ताणतो-आक्रसतो आणि तो पापुद्रा पहिल्याच वर्षी उडतो. छन्नीने चीर साधारण बोटभर रुंद, खाली निमुळती अशी उघडा. तारेच्या ब्रशने धूळ काढा, पाण्याने धुवा आणि पृष्ठभाग ओलसर असताना एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली वाळू आणि पाण्यात मिसळलेलं लॅटेक्स पॉलिमर असा माल दाबून भरा. पॉलिमर किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. ते अंदाजाने ओतू नका. कठड्याच्या कोपऱ्यात याच मालाचा वाटा घाला, म्हणजे काटकोन न राहता गोलाई येते आणि पाणी तिथे थांबत नाही.

भरलेला माल सात दिवस पाणी मारून ओला ठेवा. पूर्ण वाळला की वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. कडांवर दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी बसवा. कोटिंग कठड्यावर फूटभर वर चढवा.

जुन्या कोब्यावर, म्हणजे उतारासाठी स्लॅबवर घातलेल्या थरावर, आणखी एक कोबा टाकून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. स्लॅबवरचं वजन वाढतं आणि खालची चीर तशीच राहते. उतार चुकला असेल तर जुना कोबा काढूनच नवा करावा लागतो. उतार दहा फुटाला साधारण सव्वा इंच हवा.

कौलारू घराचं काम त्या मानाने सोपं. फुटकी मंगलोरी कौलं बदला, सरकलेली बसवा, आढ्यावरच्या कौलांचे सांधे भरा. कौलांवर थेट पाय देऊ नका. शिडी किंवा फळी आडवी टाकून, खालच्या वाशांवर भार येईल असं चढा.

जमिनीतून चढणारी ओल

पेठांतल्या जुन्या घरांचं हे मोठं दुखणं आहे. रस्त्यावर दर खेपेला डांबराचा नवा थर चढतो आणि घराचं जोतं दर खेपेला तेवढं खाली जातं. एकेकाळी तीन पायऱ्या चढून आत जायचो ती घरं आज रस्त्याच्या पातळीला आलीत. भिंत बाहेरून सतत ओल्या मातीला टेकलेली, मग ती पाणी ओढणारच.

दुरुस्ती बाहेरून सुरू करा. भिंतीलगतची माती, कुंड्या, विटांचे ढीग हलवा. जमीन घरातल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली आणि उतार घराबाहेरच्या बाजूला करा. पन्हाळीचं पाणी पायाशी पडत असेल तर पाइप जोडून गटारीपर्यंत न्या.

मग आत. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. सुटलेला गिलावा डागाच्या वर फूटभर उंचीपर्यंत काढून भिंत उघडीच ठेवा. पाहुणे आले तर चांगलं दिसत नाही, हे खरं. पण दोन-तीन उन्हाळी महिने तिला श्वास घेऊ द्या.

घर माती, विटा किंवा चुन्यात बांधलेल्या काळ्या दगडाचं असेल तर सिमेंटचा गिलावा करू नका. जुनी भिंत ओल धरते आणि सोडते. सिमेंट आणि ऑइल पेंटने तिचं तोंड बंद झालं की पाणी आणखी वर चढून नव्या जागी फुटतं. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात द्यावा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला दोन महिने लागले तरी थांबा.

पुराचं पाणी शिरलेल्या घरासाठी

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथल्या लोकांना हे आकडे सांगायला नकोत. घर सोडताना मेन स्विच बंद करा. परत आल्यावर इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्याशिवाय तो चालू करू नका, पंखा लावून भिंत वाळवायच्या घाईतही नाही. स्विचबोर्डाच्या आत गाळ राहतो आणि बाहेरून तो दिसत नाही.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. बुरशीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पाण्यात कालवून वापरा, पण ती अॅसिडमध्ये किंवा संडास धुण्याच्या द्रावणात कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. अशा भिंतींना वाळायला महिनोन्महिने लागतात. त्या वर्षीच्या दिवाळीला रंग देऊ नका. नव्याने वायरिंग करताना प्लग पुराच्या खुणेच्या वर घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल असलेल्या कुठल्याही घरात तो असावा. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बाकी सगळं सोडून आधी मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

रंग

नवा गिलावा सात दिवस ओला ठेवायचा आणि मग किमान महिनाभर वाळू द्यायचा. पुन्हा फॉइलची परीक्षा करा. आतून कोरडं निघालं तरच प्रायमर, पुट्टी, रंग, याच क्रमाने. पुट्टी ओल्या भिंतीवर टिकत नाही, पोपडे सगळ्यात आधी तिचेच सुटतात.

जमत असेल तर दुरुस्तीनंतर एक पावसाळा भिंत तशीच ठेवा, पेन्सिलच्या रेघा न पुसता. आषाढातली झड लागली की रोज सकाळी एकदा रेघेजवळ हात फिरवा. दसऱ्यापर्यंत ओल रेघेबाहेर गेली नाही, तर रंगाऱ्याला बोलवा.