रन लॉग किती दिवस ठेवायचे? ऑटोमेशन करणाऱ्यांनो, या चुका टाळा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या अकाउंटंट ताईंचा फोन आला. "दादा, ३ जूनचं पेमेंट शीटमध्ये ६ मार्चला कसं पडलंय? ते तर मागच्या आर्थिक वर्षात गेलं!" टीडीएसचं तिमाही विवरणपत्र ३१ जुलैच्या आत भरायचं होतं. रोज रात्री बँकेचं स्टेटमेंट वाचून नोंदी करणारा वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामांची साखळी) मी एन-एट-एन या ऑटोमेशन साधनावर बसवला होता. त्याचे सगळे रन (दर वेळचं चालणं) हिरवे, म्हणजे यशस्वी होते, एकही एरर नव्हती.

शोधल्यावर कारण सापडलं. बँकेने तारीख लिहायची पद्धत बदलली होती. आधी '०३-जून' असं अक्षरी यायचं, आता '०३/०६' येत होतं. माझी पायथन स्क्रिप्ट आधी महिना, मग दिवस असं वाचायची. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे लायब्ररी निमूटपणे आकडे उलटे धरून तारीख बरोबर लावायची. १ ते १२ तारखेच्या नोंदी मात्र भलत्याच महिन्यात जाऊन बसल्या. ५ जूनची ६ मे झाली, ७ जूनची ६ जुलै.

पण हा बदल नेमका कोणत्या दिवसापासून झाला? ते लॉगच (प्रत्येक रनमध्ये काय घडलं त्याच्या नोंदी) सांगू शकले असते, आणि लॉग उडाले होते. एन-एट-एन मूळ सेटिंगनुसार रनचा तपशील ३३६ तास, म्हणजे १४ दिवस ठेवतं. बँकेच्या पोर्टलवरून जुनी फाइल पुन्हा उतरवली तर तीही नव्याच पद्धतीत येत होती. त्या रात्री आमच्या हाती काय आलं होतं, याचा लॉग सोडून दुसरा पुरावाच नव्हता. तीन दिवस बसून आम्ही एकेक नोंद हाताने ताडली.

मुदत डिस्ककडे बघून ठरवू नका

बहुतेक जण इथेच चुकतात. 'जागा किती आहे' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा: या कामातली चूक माणसाच्या नजरेला पडायला जास्तीत जास्त किती दिवस लागतील? आमचा वर्कफ्लो रोज चालत होता, पण त्याचा हिशेब तिमाहीला तपासला जात होता. म्हणजे चूक ९० दिवस दडून राहू शकते, वर विवरणपत्राचा महिना धरला तर १२०. शिवाय बिघडायच्या आधीचा शेवटचा चांगला रनही हाताशी हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आम्ही आता १५० दिवस धरले आहेत. वर्षातून एकदा, ३१ मार्चला चालणारा जॉब असेल तर किमान ४०० दिवस ठेवा, म्हणजे यंदाचा रन गेल्या वर्षीच्या रनशेजारी ठेवून बघता येतो.

आपण वापरतो त्या साधनाची मूळ मुदत आजच बघून ठेवा. पॉवर ऑटोमेट क्लाउड फ्लोची रन हिस्टरी २८ दिवस दाखवतं. गिटहब अ‍ॅक्शन्सचे लॉग मुळात ९० दिवस राहतात. खासगी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ही मुदत ४०० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण वाढीव मुदत पुढच्या रनना लागू होते, गेलेले लॉग परत येत नाहीत. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तर हिस्टरी बऱ्याचदा बंदच असते. बैल गेल्यावर झोपा करून इथे काहीच हाती लागत नाही.

फक्त फेल झालेले रन ठेवणं

जागा वाचवायला यशस्वी रनचा तपशील पुसायची सोय बऱ्याच साधनांत असते. मला हीच सवय सगळ्यात घातक वाटते. आमचा प्रत्येक चुकीचा रन 'यशस्वी'च होता. एरर आली की निदान कुणीतरी बघतं. हिरव्या रनमधली चूक महिनोन्‌महिने मुरत राहते.

त्यापेक्षा दोन थर करा. पूर्ण तपशील थोडे दिवस आणि प्रत्येक रनची एक ओळ भरपूर दिवस. आमची ओळ अशी असते: 'रात्री २:१०, स्क्रिप्ट आवृत्ती १४, मिळाल्या २१२, नोंदवल्या २१२, पहिली तारीख जशी आली तशी: ०३/०६'. तो शेवटचा तुकडा जूनमध्ये असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. अशी ओळ २०० बाइटची धरा. जॉब दर पाच मिनिटांनी चालला तरी दिवसाला २८८ ओळी, वर्षाला जेमतेम २१ एमबी.

सगळंच कायम ठेवणं

ही उलट बाजूची चूक. जेन्किन्स या ऑटोमेशन साधनात जुने बिल्ड (म्हणजे जुने रन) काढायचं सेटिंग लावलं नाही तर ते साचतच जातात. डिस्क भरली की जॉब बंद पडतो, आणि का पडला ते लिहायलाही जागा उरत नाही. घाईत मोठी लॉग फाइल डिलीट केली तरी प्रोग्रॅमने ती उघडी धरलेली असेल तर जागा मोकळी होत नाही. प्रोग्रॅम रीस्टार्ट करावा लागतो. शिवाय लॉगमध्ये पॅन नंबर, टोकन, खातेक्रमांक पडून असतात. ते लिहितानाच झाका.

कंपनीसाठी काम करत असाल तर सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचा. त्यांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात.

बिघाड कळल्यावर

आधी लॉगची नक्कल दुसरीकडे काढा, दुरुस्ती मग. डॉकरमध्ये प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालतो; तो कंटेनर काढून नवा उभा केला की जुन्या कंटेनरचे लॉगही त्याच्याबरोबर जातात. आणि वेळ तपासा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर आपल्याकडचा १ एप्रिलच्या पहाटे २ चा रन लॉगमध्ये ३१ मार्चच्या रात्री ८:३० चा दिसेल. चुकीच्या दिवसाचा लॉग चाळण्यात तासन्‌तास जातात.

आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी १०० दिवसांपूर्वीचा एक लॉग उघडून बघतो. पहिल्याच खेपेला फाइल जागेवर सापडली, पण शून्य बाइटची; साठवणीच्या रात्री डिस्क भरलेली होती. आता साठवणारी स्क्रिप्ट फाइलचा आकार तपासते आणि शून्य आला की ताईंना आणि मला लगेच मेसेज जातो.