जाळ्यात रोमन खापर आलं तर

मासळीबरोबर जाळ्यातून मडक्याचा जाड कान किंवा शिंपल्यांनी मढलेली खापरी वर आली, तर ती उन्हात ठेवू नका. शेकडो वर्षं समुद्रात राहिलेल्या खापराच्या रंध्रांत मीठ मुरलेलं असतं. पाणी उडालं की मिठाचे खडे तयार होतात आणि आतून ढकलून वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो. घमेल्यात समुद्राचंच पाणी घ्या, खापर पूर्ण बुडवा, वर झाकण ठेवा. सोबत नाणं किंवा शिशाचा तुकडा असेल तर प्रत्येक धातूला वेगळा डबा हवा.

त्याआधी तांडेलाकडून (बोटीच्या प्रमुखाकडून) जीपीएसचे आकडे लिहून घ्या: जाळं टाकल्याची जागा, उचलल्याची जागा, पाण्याची खोली किती वाव, तारीख, वेळ. ट्रॉलरचं जाळं तीन तास अडीच नॉटने ओढलं तर साडेसात सागरी मैल होतात, त्यामुळे वस्तू या पट्ट्यात कुठेही मिळालेली असू शकते. एकच आकडा असेल तर शोध घेणाऱ्याला पुढे काही करता येत नाही. किनाऱ्यापासून लांब भर समुद्रात रोमन भांडं कसं, या कोड्याची किल्ली बहुतेक वेळा जागेतच असते. एकटं खापर गलबतावरून फेकलेलं असू शकतं. एकाच घाटाच्या कुंभांचा ढीग असेल तर गलबत बुडाल्याची शक्यता जास्त. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामधल्या स्कर्की बँकेवर सुमारे ८०० मीटर खोलीवर असेच अँफोरा, म्हणजे माल वाहून नेण्याचे दोन कानांचे मातीचे कुंभ, मिळाले.

आता ओळख. इथेच जास्त गफलत होते. नवी मुंबईसमोरच्या घारापुरीला अँफोरांची खापरं सापडली आहेत, पण भारतात मिळालेली, रोमन मानलेली बरीच खापरं प्रत्यक्षात मेसोपोटेमिया-इराणकडच्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची निघाली. त्या कुंभांना कान नसतात आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. रोमन अँफोराला दोन कान असतात. एका प्रसिद्ध प्रकारात तर प्रत्येक कान दोन गोल काड्या चिकटवल्यासारखा दिसतो. काळ्या लेपावरून मात्र निकाल देऊ नका, कारण रोमन कुंभांतही पाइनच्या राळेचा लेप असे. तुटलेल्या कडेला भिंगातून पाहा. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या आसपासच्या मातीत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे चकाकते कण दिसतात.

लेप खरवडायचा नाही. कुंभात काय भरलं होतं हे त्यातूनच कळतं. सुटून पडलेला चुरा प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. शिंपले काढायला व्हिनेगर किंवा टॉयलेटचं अॅसिड वापरू नका: मातीतले चुन्याचे कण विरघळतात. फेव्हिक्विकला हात लावायचा नाही.

मीठ काढण्याचं काम शक्यतो प्रयोगशाळेवर सोडा. विलंब होणारच असेल तर समुद्राच्या पाण्यात अर्धं गोडं पाणी मिसळून दोन दिवस, मग पूर्ण गोडं पाणी. पहिला आठवडा रोज, पुढे आठवड्यातून एकदा पाणी बदला. शेवटच्या फेऱ्यांना बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आरओवाल्याचा टीडीएस मीटर पाण्यात बुडवा. आठवडाभर खापर ठेवूनही आकडा चढला नाही, म्हणजे मीठ निघालं. मग सावलीत वाळवा. हे फक्त मातीच्या वस्तूंसाठी. लाकूड ओलंच आणि अंधारात ठेवा, शिसं लाकडी कपाटात ठेवू नका, आणि काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी उमटली तर तो क्लोराइडचा रोग आहे: पुसत बसू नका, तज्ज्ञांकडे न्या.

कायदा थोडक्यात. शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू १९७२च्या कायद्याने ‘पुरावस्तू’ ठरते. परवान्याशिवाय ती विकण्याचा धंदा करता येत नाही. जमिनीत दहा रुपयांवरच्या किमतीचं काही सापडलं तर १८७८च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. समुद्रातल्या वस्तूबाबतही तिथेच लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. बेलापूर, वाशीकरांसाठी ठाणे जिल्हाधिकारी कार्यालय, पनवेल-उरणकरांसाठी अलिबाग. एक प्रत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला, सायन किल्ल्यात. अर्जाला मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो जोडा: बाहेरून, आतून आणि तुटलेल्या कडेचा.