घोड्यांच्या स्पर्धेत प्रेक्षकांचे कुत्रे : परवानगीचा निर्णय कसा घ्यावा

दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार आणि त्याच्या जोडीने होणाऱ्या घोड्यांच्या स्पर्धा पाहायला धुळे, जळगाव, नंदुरबारबरोबरच गुजरात-मध्य प्रदेशातूनही माणसे येतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या गाडीतून घरचा कुत्राही उतरतो. खान्देशात अशी किंवा याहून लहान, गावपातळीवरची अश्वस्पर्धा भरवणाऱ्या समितीने कुत्र्यांच्या प्रवेशाचा प्रश्न फाटकावर वाद पेटेपर्यंत लांबवू नये. मैदानाची आखणी करतानाच तो निकाली काढावा.

निर्णय करताना कुत्रा किती गुणी आहे, हा मुद्दा बाजूला ठेवावा. प्रत्येक मालकाला आपला कुत्रा गुणीच वाटतो. आधी पाहावी ती घोड्यांची आणि प्रेक्षकांची वाट. घोडे दावणीपासून मैदानापर्यंत ज्या वाटेने जातात तीच वाट प्रेक्षक वापरत असतील, तर कुत्र्यांना मनाई करावी आणि त्यात अपवाद ठेवू नये. दोन्ही वाटा वेगळ्या असतील, मधे भक्कम कठडा असेल आणि घोड्यांचा सराव कठड्याच्या पलीकडे चालत असेल, तरच अटींसह परवानगीचा विचार करावा. सारंगखेड्याच्या बाजारात उघड्यावर खुंट्याला बांधलेले घोडे, शिंगरू सोबत असलेल्या घोड्या, चाल दाखवण्यासाठी अचानक दौडवलेली जनावरे आणि त्यांच्यामधून फिरणारी गर्दी, असे सगळे एकाच जागी असते. तेथे पट्टा बांधलेल्या कुत्र्यालाही जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताचे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण थेट पाठीमागचा आणि अगदी कपाळासमोरचा थोडा पट्टा त्याच्या नजरेआड राहतो; त्या पट्ट्यातून कुत्रा अवचित पुढे आला की घोडा बुजतो, मागचे पाय झाडतो किंवा उधळतो. कुत्र्याची ओढ नेमकी उलटी असते, कारण पळणाऱ्या जनावराचा पाठलाग करणे त्याच्या रक्तातच आहे. घोडा पळाला म्हणून कुत्रा धावतो, कुत्रा धावला म्हणून घोडा आणखी पळतो, आणि या चक्रात स्वार, कठड्यावर रेललेली मुले आणि तो कुत्रा, सगळ्यांच्याच जिवाला धोका उत्पन्न होतो. धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यात, म्हणजे त्यांच्या फिरत्या तांड्यात, कुत्रे आणि सामान वाहणारे घोडे एकत्र भटकतात, हे उदाहरण परवानगीच्या बाजूने दिले जाऊ शकते. ते फसवे आहे. तेथे दोघांची ओळख रोजची असते. स्पर्धेत मात्र कुत्राही परका आणि घोडाही परका.

बाहेरच्या जगात सरसकट बंदी नाही, हेही खरे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांमध्ये कुत्रा पट्ट्याला बांधलेला असणे सक्तीचे आहे, आणि इंग्लंडमध्ये बॅडमिंटन नावाच्या गावी 1949 साली सुरू झालेल्या घोड्यांच्या स्पर्धेत प्रेक्षक आखूड पट्ट्यावर कुत्रे आणतात. मात्र तेथे मार्ग दोर बांधून आखलेले असतात आणि घोडा येण्यापूर्वी शिट्टी वाजवून वाट मोकळी करणारे कार्यकर्ते जागोजागी उभे असतात. तेवढी माणसे आपल्याकडे नसतील, तर केवळ त्यांची परवानगी उचलून आणू नये.

परवानगी द्यायचीच ठरली, तर अटी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि फाटकावर तपासाव्यात. रेबीजच्या लसीची चालू नोंद असलेले कार्ड पाहिल्याशिवाय कुत्रा आत सोडू नये; रेबीज घोड्यालाही होतो. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नसावा, आणि बटण दाबताच लांबत जाणारा पट्टा तर मुळीच चालवून घेऊ नये, कारण ऐन वेळी तो आवरता येत नाही. पट्टा प्रौढ माणसाच्या हातात असावा. तो कठड्याला बांधून मालकाने चहाला जाऊ नये. माजावर आलेली कुत्री, पिल्ले आणि फटाक्यांना घाबरणारे कुत्रे घरीच ठेवावेत. कठड्यापासून किमान पंधरा फूट मागे कुत्र्यांसाठी एकच ठरावीक जागा राखावी आणि तेथे सावली व पाणी असावे. मार्गशीर्षातली पहाट गार असली तरी दुपारी बंद गाडीत ठेवलेला कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. घोड्याची लीद कुत्र्याला खाऊ देऊ नये, कारण घोड्याला नुकतेच आयव्हरमेक्टिनचे जंतनाशक दिलेले असेल तर त्या लिदीतून कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. कॉली जातीच्या कुत्र्यांना हा धोका विशेष असतो.

कुत्रा सुटून मैदानात शिरलाच, तर निवेदकाने ताबडतोब स्पर्धा थांबवल्याचे जाहीर करावे आणि प्रेक्षकांना जागीच बसवून ठेवावे. स्वाराने लगाम हळूहळू आवरून घोडा थांबवावा आणि त्याचे तोंड कुत्र्याकडे वळवावे, कारण दिसणाऱ्या कुत्र्यापेक्षा पाठीमागून येणाऱ्या कुत्र्याला घोडा अधिक बुजतो. आरडाओरडा करत कुत्र्यामागे धावणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. मालकाने एकट्याने, खाली बसून हाक मारावी. कुणाला चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. घोड्याला चावा बसल्यास पशुवैद्यकाला बोलवावे.

राहिला प्रश्न गावातल्या मोकाट कुत्र्यांचा, आणि प्रत्यक्षात मैदानात शिरणारा कुत्रा बहुधा तोच असतो. त्याला पकडून दुसऱ्या गावी सोडणे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत बसत नाही. नसबंदी व लसीकरणानंतरही त्याला मूळ जागीच परत सोडावे लागते. म्हणून कठड्याच्या खालच्या भागाला जाळी बांधावी, खाद्यपदार्थांच्या गाड्या मैदानापासून दूर लावाव्यात आणि उष्टे-खरकटे झाकणाच्या डब्यात जाईल असे पाहावे. नाल ठोकताना तासलेले खुरांचे तुकडे कुत्र्यांना फार आवडतात, तेव्हा नालबंदाची जागा मैदानाच्या दूरच्या टोकाला द्यावी आणि ते तुकडे त्याच वेळी गोळा करून पुरावेत.