इतिहासाला लगोरी, पाढ्यांना विषामृत

उजळणीच्या तासाला बहुतेक वर्गांत काय होतं ते आपण सगळेच जाणतो. बाई प्रश्न विचारतात, पुढच्या बाकांवरचे चार-पाच हात वर जातात, बरोबर उत्तर येतं, बाकीची मुलं माना डोलावतात आणि सगळ्यांना आलं असं धरून गाडी पुढच्या धड्याकडे निघते. खेळ घेतला तरी बऱ्याचदा तेच होतं. दोन गट, एक प्रश्नमंजूषा, प्रत्येक गटातलं एकच हुशार मूल उत्तरं देतं आणि उरलेली टाळ्या वाजवतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघते: पुस्तक मिटलेलं असताना वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोक्यातून उत्तर काढावं लागतंय का? रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांना त्यांनी उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याला तर मुलांच्या लक्षात वर्षभर राहायला हवंय.

आधी प्रश्नांची सोय करा. धडा संपला की प्रत्येक मुलाने दोन प्रश्न लिहून द्यायचे, मागे उत्तर. कागद विकत आणू नका. लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग पडतो, त्यांची कोरी बाजू कापून घेतली की जाड, टिकाऊ चिठ्ठ्या होतात. त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या. मुलांनी काढलेले प्रश्न कधीकधी आपल्यापेक्षा अवघड असतात, आणि आपला प्रश्न निघाला की ते मूल अख्खा तास जागं राहतं.

आता लगोरी. चौथीच्या शिवरायांच्या इतिहासासाठी मला याहून चांगला खेळ सापडलेला नाही. नेहमीच्या लगोरीत मोठा दगड खाली आणि छोटा वर असतो. इथे तसं करू नका, नाहीतर मुलं आकार बघून रचतील. शहाबादी फरशीचे साधारण एकसारखे सात तुकडे घ्या, कडा घासून बोथट करा आणि त्यांवर खडूने सात घटना लिहा: शिवनेरीवर जन्म, प्रतापगड, पावनखिंड, लाल महाल, पुरंदरचा तह, आग्र्याहून सुटका, राज्याभिषेक. सन लिहायचा नाही. १६३० पासून १६७४ पर्यंतचा क्रम मुलांच्या डोक्यात असायला हवा.

मैदानावर जाण्यापूर्वी दोन मिनिटं सगळ्यांनी आपापल्या वहीत क्रम लिहायचा, गुपचूप. ही दोन मिनिटं कधीही गाळू नका, कारण त्यात एकही मूल सुटत नाही. मग नेहमीसारखा खेळ. एक गट चेंडूने लगोरी फोडतो, दुसरा चेंडू मारून त्यांना रचू देत नाही. फरक इतकाच की सगळ्यात आधीची घटना तळाला आणि शेवटची वर. ‘लगोरी!’ असा ओरडा झाला की विरुद्ध गट जवळ येऊन तपासतो. क्रम चुकलेला त्यांनी दाखवला आणि का चुकला ते सांगितलं, तर गुण त्यांचा.

खरं शिकणं या ‘का’मध्ये होतं. हमखास वाद होतो तो पुरंदर आणि आग्र्यावरून. एकदा एक मुलगा घाईघाईत आग्र्याचा तुकडा खाली ठेवायला लागला, तर त्याच्याच गटातली मुलगी हात धरून म्हणाली, “अरे, तह झाल्याशिवाय महाराज आग्र्याला जातील कशाला?” १६६५ आणि १६६६ हे आकडे घोकून जे हाती लागत नाही, ते या एका वाक्यात होतं. दुसऱ्या दिवशी तुकडे पुसून घटनांची अदलाबदल करा, नाहीतर कोपरा तुटलेली फरशी म्हणजे प्रतापगड हे मुलं पाठ करतात.

हीच लगोरी ४०५६, ४५०६, ४०६५ अशा संख्यांच्या चढत्या क्रमासाठी किंवा गोष्टीतल्या प्रसंगांसाठी छान चालते. जलचक्रासाठी मात्र नको. चक्राला सुरुवातच नसते.

पाढ्यांना विषामृत. ज्याच्यावर राज्य आहे त्याने हात लावला की ‘विष’, मूल जागच्या जागी बसतं. सोडवणाऱ्याने नुसतं ‘अमृत’ म्हणून भागत नाही, त्याने पाढ्यातला प्रश्न विचारायचा: “सात आठे?” बसलेल्याने “छप्पन्न” म्हटलं तर सुटका. उत्तर बरोबर आहे का हे सोडवणाऱ्यालाच ठरवायचं असतं, त्यामुळे दोघांनाही पाढा यावा लागतो. त्या दिवशी दोन-तीनच पाढे ठरवा, सात, आठ, नऊ वगैरे. बोटं मोजली तर चालतात. पण मोजत बसलं की तेवढ्यात राज्यवाला येतो आणि सोडवणारा पण विष होतो. म्हणून मुलं आपण न सांगताच पाढे पक्के करून येतात. जे मूल पळू शकत नाही त्याला मधोमध बसवून फक्त त्याच्याकडेच अमृत ठेवा, मग सगळ्यांना सुटकेसाठी त्याच्याच प्रश्नाची वाट बघावी लागते. हा प्रकार मुलांना इतका आवडतो की ती जागा सगळेच मागतात.

पावसाळ्यात मैदान नसतं तेव्हा हौजी. फळ्यावर पंधरा जिल्ह्यांची नावं लिहायची, मुलांनी वहीत नऊ चौकटी आखून त्यातली कोणतीही नऊ भरायची. आपण जिल्हा पुकारायचा नाही, खूण सांगायची: लोणार सरोवर, ताडोबा, सेवाग्राम, तोरणमाळ. मुलं मनाशी बुलढाणा, चंद्रपूर, वर्धा, नंदुरबार असं ओळखून खोडतात. नावच पुकारलं तर फक्त कानांची परीक्षा होते.

संगीत खुर्ची किंवा ‘चुकला तो बाद’ असले खेळ उजळणीला अजिबात घेऊ नका. ज्याला येत नाही तोच आधी बाहेर जातो आणि तास संपेपर्यंत भिंतीला टेकून बसतो. उजळणीची सर्वांत जास्त गरज त्यालाच होती. गुण द्यायचे तर गटाला द्या, आणि दर खेपेला गट बदला.

खेळ कितीही रंगात आला तरी तासिकेची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. त्या दिवशीचे पाच प्रश्न, पाटीवर उत्तर, एकदम ‘पाटी वर’. एका नजरेत कळतं कोण कुठे आहे. थोड्या मुलांना न आलेले प्रश्न त्याच डब्यात परत जातात, ते उद्या निघतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. सगळ्यांना आलेले दुसऱ्या डब्यात, ते थेट संकलित मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्र संपतानाच्या परीक्षेच्या आधी. अर्ध्या वर्गाची पाटी चुकली असेल तर मात्र ती चिठ्ठी कुठल्याच डब्यात टाकायची नाही. ‘चार हजार छप्पन्न’ अंकात लिहायला सांगितलं आणि बऱ्याच पाट्यांवर ४०००५६ आलं, तर दुसऱ्या दिवशी खेळ बाजूला ठेवा, दशक-शतकाचे गठ्ठे काढा आणि रिकाम्या शतकाच्या जागी शून्य का येतं ते मुलांना हातांनी मांडून बघू द्या.