घाट आधी, जेवण नंतर: लहान मुलाला घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला

पुण्याहून आंबोलीमार्गे पणजी साधारण ४५० किलोमीटर. दोन-तीन वर्षांचं मूल बरोबर असेल तर थांबे धरून बारा तास हाताशी ठेवा. या रस्त्यावर मुलं आजारी पडतात ती बहुतेक एकाच चुकीने: दुपारी साडेबाराला आजऱ्यात पोटभर जेवण, आणि तासाभरात आंबोलीची उतरती वळणं. म्हणून घाट उतरल्यावर, सावंतवाडीत जेवायचं आणि बाकीच्या वेळा त्यावरून ठरवायच्या.

पहाटे पाचला निघा. मुलाला झोपेतच उचलून सीटमध्ये बसवलं तर ते साताऱ्याच्या पुढेपर्यंत झोपतं. आठच्या सुमारास कराडला भरपेट नाश्ता: इडली, उपमा, मऊ भात, जे घरी खातं तेच. दूध द्यायचं तर इथेच, पुढे नको. मग कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबून मुलाला जमिनीवर चालू द्या. कडेवर घेऊन उभं राहिलं तर पाय मोकळे होत नाहीत. आजऱ्याला अर्धं केळं किंवा एखादा टोस्ट आणि दोन घोट पाणी, एवढंच. पोट अगदी रिकामं ठेवलं तरीही मळमळतं.

चाइल्ड सीट हवीच. मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकला कुणाच्याही हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंडही आहे. सीट बसवल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहा. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा आवळा. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर तो सैल आहे. पाठीमागे तोंड असलेली सीट एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीही लावू नका. उन्हात गाडी उभी केली की बकलवर पांढरा पंचा टाकून ठेवा, धातू चटका देण्याइतका तापतो.

आता घाट. गाडी लागते कारण कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. म्हणून मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं आंबोली गावातच बाजूला. पुढे तोंड असलेली सीट मागच्या बाकावर मधोमध बसत असेल तर उत्तम, मुलाला समोरचा रस्ता दिसतो. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका, काच दोन बोटं उघडा. उतार दुसऱ्या गिअरमध्ये, तिशीच्या आत उतरा. तिसऱ्या-चौथ्यात उतरलं की प्रत्येक वळणाला ब्रेक लागतो आणि त्या हिसक्यांनीच पोट ढवळतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर हाताने निवडा. कान दडल्यामुळे मूल रडू लागलं तर घोट घोट पाणी द्या. अंगावर पाजायचं असेल तर गाडी थांबवून. चालत्या गाडीत मुलाला सीटमधून काढू नका. उलटीवरचं औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि घाट लागण्याआधी निदान अर्धा तास. सुरू झालेल्या उलटीवर ते फारसं चालत नाही.

उलटीची पिशवी डिकीत नको, पायाशी हवी: कपड्यांचे दोन जोड, ओले रुमाल, जुना पंचा, गाठ मारता येतील अशा चार पिशव्या. सीटचे पट्टे ओल्या फडक्याने फक्त पुसा, साबणात भिजवले तर त्यांची ताकद कमी होऊ शकते. उलटीनंतर दहा मिनिटं काही देऊ नका, मग ओआरएस चमचा-चमचा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. अंदाजाने पेल्याभर पाण्यात अर्धं पाकीट घातलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो.

पावसाळ्यात घाटात दाट धुकं असतं आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्या तुंबतात, तेव्हा मधला वार निवडा. नकाशा तिलारीचा रामघाट सुचवत असेल तर ऐकू नका. उतार फार तीव्र आहे.

सावंतवाडीत सव्वादोन-अडीचला जेवण, मोती तलावाकाठी एक चक्कर आणि चितार आळीतून एक लाकडी खेळणं. तोंडात जाईल एवढे सुटे तुकडे नसलेलं घ्या. मग मूल झोपतं आणि बांदा, पत्रादेवी करत पणजीपर्यंतचा रस्ता शांततेत जातो. पेट्रोल गोव्यात शिरल्यावर भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. पहिला मुक्काम पेडणे किंवा बार्देशातच ठेवा. पाळोळ्याचा किनारा लहान मुलांसाठी फार चांगला, उथळ आणि आडोशाचा, पण तो पणजीहून आणखी दोन तास. त्याच दिवशी तो हट्ट नको.

किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा; नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही नाही. जून ते सप्टेंबर समुद्र फक्त बघायचा. मूल कायम हाताच्या अंतरावर, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. अकरा ते चार सावलीत. पोट बिघडलेलं वाटलं तर राहत्या घरी उकड्या तांदळाची पेज मागा, गोव्यात ती कुणालाही करता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, मोठं सरकारी इस्पितळ, गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळीला हमरस्त्यालाच आहे.

परतताना घाट चढायचा असतो, पण नियम तोच. पणजीहून सहाला झोपलेलं मूल घेऊन निघा आणि नाश्ता आंबोली गाठल्यावरच द्या.